महड, महाड आणि १०८ ग्लास

आपल्या रायगड जिल्ह्यात एका कान्याच्या फरकाची दोन गावं आहेत. एक महड, खालापूर तालुक्यातलं, खोपोलीजवळचं, वरदविनायकाचं. दुसरं महाड, जिल्ह्याच्या दक्षिणेकडचं, सावित्रीकाठचं. दोन्ही गावांची आठवण तळ्याशी बांधलेली आहे. महडच्या गणपतीची मूर्ती तळ्यात सापडली, असं परंपरा सांगते. महाडला २० मार्च १९२७ रोजी माणसं तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. पहिली गोष्ट आपण सहज सांगतो. दुसरीही सांगतो, पण तिच्यातला एक भाग भरभर उरकून पुढे जातो. आजचं बोलणं त्या भागाबद्दल आहे, आणि तो भाग थेट आपल्यासमोर आणून ठेवणाऱ्या एका कलावंताबद्दल.

आधी इतिहास नीट मांडून घेऊ. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून चालणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुल्या कराव्यात, असा त्याचा आशय होता. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केलं, म्हणजे कागदावर खुलं केलं. प्रत्यक्षात कोणी तिथे पाणी भरू शकत नव्हतं. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली. त्या वेळी आपला जिल्हा कुलाबा होता, त्यामुळे ही परिषद कर्जत-खालापूरच्याही जिल्ह्याची होती, हे लक्षात ठेवू. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस ही मंडळी त्यामागे होती. परिषदेला आलेल्या लोकांसाठी ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. समोर तळं, आणि पाणी विकत!

दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून लोक शिस्तीत तळ्यावर गेले. ओंजळभर पाणी प्यायले. मग गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परत निघालेल्या लोकांवर हल्ले झाले, डोकी फुटली. इथपर्यंत आपण सांगतो.

यानंतर काय झालं? तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं. १०८ घागरींत तळ्याचं पाणी घेतलं, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळलं, मंत्र म्हटले, आणि ते परत तळ्यात सोडलं. मग पाणी पिण्यायोग्य झालं असं जाहीर झालं. आम्हाला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. हल्ला रागाच्या भरात झाला असं कोणी म्हणेल. शुद्धी मात्र शांतपणे, ठरवून, मोजून केलेली आहे. एकशे आठ घागरी गोळा कराव्या लागतात. कोणीतरी दूध आणतं, कोणीतरी शेण कालवतं. पाणी पिणाऱ्यांचा पुतळा होतो, त्यांचा दिवस साजरा होतो, आणि तो व्हायलाच हवा. पण घागरी उचलणारे हात आपल्या सांगण्यातून नाहीसे होतात.

राज्यश्री गुडी यांनी नेमकं तिथे बोट ठेवलं. त्या पुण्याच्या. समाजशास्त्र आणि दृश्य मानवशास्त्र शिकलेल्या, आंबेडकरी घराचा वारसा सांगणाऱ्या. ‘पाण्याची जात कोणती?’ अशा अर्थाच्या नावाची त्यांची एक मांडणी आहे. तिच्यात आहेत १०८ ग्लास आणि पंचगव्य. बस्स. बाबासाहेबांचं चित्र नाही, गर्दी नाही, घोषणा नाही. आपल्या घरात पाहुण्याला पाणी देतो तसला ग्लास, एकाशेजारी एक मांडलेला. बघणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो अगदी साधा : हे मी पिईन का? मग लक्षात येतं की हे विटाळ काढण्यासाठीचं आहे, म्हणजे ‘शुद्ध’ आहे. ज्याची किळस वाटते ते शुद्ध, आणि माणसाच्या ओंजळीने पाणी अशुद्ध! आपण पुस्तकात वाचलेलं वाक्य इथे पोटात ढवळतं.

त्यांचं दुसरं काम दलित आत्मकथनांतल्या अन्नावर आहे. तिथल्या खाण्याच्या, भुकेच्या प्रसंगांच्या त्या पाककृती करतात. पाककृती नेहमी वाचणाऱ्याला हुकूम सोडते : हे घ्या, ते चिरा, शिजवा. इथे उष्टं गोळा करण्याची कृतीही तशीच सांगितली जाते, आणि वाचणारा नकळत त्या माणसाच्या जागी जाऊन बसतो. दया दाखवायला बाजूला उभं राहायची सोय उरत नाही.

या प्रकारच्या कलेला संकल्पनात्मक कला म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट सोपी आहे. हाताचं कसब दाखवण्यापेक्षा वस्तू कुठे, कशाशेजारी ठेवली यातून विचार उभा करायचा. अमेरिकेतले कृष्णवर्णीय कलावंत फ्रेड विल्सन यांनी १९९२ मध्ये बाल्टिमोरच्या मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहालयात हेच केलं. संग्रहालयाच्याच वस्तू घेतल्या. नक्षीदार चांदीची भांडी मांडली, आणि त्यांच्या मधोमध गुलामांच्या पायांतल्या लोखंडी बेड्या ठेवल्या. खाली पाटी एकच, ‘धातुकाम’. बेड्या संग्रहालयाकडे आधीपासून होत्याच. त्या चांदीशेजारी ठेवायचं धाडस नव्हतं. चांदी कोणाच्या कष्टावर आली, हे सांगायला मग वेगळं भाषण लागत नाही.

आता कोणी विचारेल, हे सगळं कर्जतला बसून कशाला? कारण पाणी हा आपल्या दोन्ही तालुक्यांचा इतिहास आहे. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. घाटमाथ्यावर अडवलेलं पाणी आपल्या अंगणातून खाली उतरलं आणि त्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. खालापुरात धावरी नदीवर मोरबे धरण आहे. त्याचं पाणी नवी मुंबईला जातं. आणि उन्हाळ्यात याच डोंगरांतल्या कातकरी-ठाकरांच्या वाड्यांवरच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन उतरतात आणि चढतात.

आम्ही या दोन गोष्टी एक करत नाही. महाडला पाणी समोर होतं आणि शिवायची मनाई होती. वाडीवर कोणी मनाई केलेली नाही, फक्त पाणी तिच्या वाटेला जात नाही. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. १९२४ चा ठराव कागदावर होता आणि ओंजळ कोरडी होती. आजही योजना कागदावर पोचलेली असते, आणि हंडा कोरडा असतो. इतिहास लिहिताना कागद बघायचा की हंडा, हा प्रश्न आहे.

महाडच्या खटल्याने तर हे स्वच्छ दाखवलं. तळं सार्वजनिक नाही, खासगी आहे, आणि अनादि काळापासूनची वहिवाट आहे, असा सनातन्यांचा दावा होता. १९२७ च्या डिसेंबरात तात्पुरता मनाई हुकूमही मिळाला. उच्च न्यायालयाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी. अशी अनादि वहिवाट सिद्ध होत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. एका ओंजळीला कायद्याचा शिक्का मिळायला दहा वर्षं गेली. आणि ज्याला आपण ‘पूर्वापार’ म्हणतो, त्याचा पुरावा मागितला की तो सापडत नाही.

म्हणून ऐकणाऱ्यांना आमची विनंती एवढीच. आपापल्या गावातल्या जुन्या विहिरींची यादी करा. कोणत्या आळीची विहीर कोणती, तिथे कोण पाणी भरत असे, कोणाला वरून ओतलं जाई, हे म्हाताऱ्या माणसांना, विशेषतः बायकांना विचारा. घरात वेगळा ठेवलेला एखादा कप, एखादा पेला होता का, तेही विचारा. उत्तर देताना लोक थांबतील, विषय बदलतील. ते थांबणंही टिपून घ्या. महाडच्या १०८ घागरींबद्दल बोलणं आपल्याला सोपं जातं, कारण त्या दुसऱ्या गावच्या आहेत. आपल्या फडताळातल्या त्या एका कपाबद्दल बोलायला लागलो, की आपल्या तालुक्याचा इतिहास सुरू होईल.