चिलखतातला तो तरुण कोण?

समोर चित्र नसताना चित्राविषयी बोलायचं, म्हणजे आधी ते शब्दांत उभं करायला हवं. माणसापेक्षा उंच, दोन मीटरांहून मोठा कॅनव्हास. मधोमध पोलादी चिलखत घातलेला एक तरुण. डोकं उघडं, केस मानेवर रुळणारे, नजर कुठेतरी हरवलेली. हात तलवारीवर. पण तलवार तो उपसतो आहे की म्यान करतो आहे? जाणकारांचं आजही यावर एकमत नाही.

व्हेनिसच्या व्हित्तोरे कार्पाच्चोनं १५१० साली काढलेलं हे चित्र आज माद्रिदच्या थिसेन-बोर्नेमिसा संग्रहालयात आहे. एके काळी ते जर्मन चित्रकार ड्यूररचं समजलं जाई. १९५८ साली चित्र साफ करताना वरचा रंग निघाला आणि खाली रंगवलेली चिठ्ठी दिसली. तिच्यावर कार्पाच्चोचं नाव आणि साल होतं. चित्रकार सापडला, पण ज्याचं चित्र, त्याचं नाव मात्र कुठेच नाही.

मग साक्ष काढायची ती भोवतालच्या मुक्या जिवांची. डावीकडे खाली एक अर्मिन आहे, मुंगसासारखा दिसणारा छोटा, पांढराशुभ्र प्राणी. अंगाला चिखल लागण्यापेक्षा हा जीव मरण पत्करतो, असा त्या काळचा समज. शेजारच्या कागदावर लॅटिन वचन आहे: ‘डागळण्यापेक्षा मरण बरं.’ नेपल्सच्या राजानं अर्मिनच्या नावानं सरदारांचा एक मानाचा संघ काढला होता. म्हणून कुणी त्या संघातला सरदार सुचवला, तर कुणी उर्बिनोचा फ्रान्चेस्को मारिया देल्ला रोव्हेरे.

अलीकडे आणखी एक नाव पुढे आलं, मार्को गाब्रिएल. ग्रीसमधल्या मोदोन या व्हेनिसच्या ठाण्याचा तो अधिकारी. १५०० साली ऑटोमन तुर्कांनी ते ठाणं जिंकलं. गाब्रिएल जिवंत हाती लागला आणि त्याच्यावर भ्याडपणाचा, फितुरीचा ठपका आला. १५०१ साली इस्तंबूलमध्ये त्याचा शिरच्छेद झाला. घराण्यावरचा हा कलंक पुसायला आप्तांनी हे चित्र काढवून घेतलं असावं, असा तर्क आहे.

हा तर्क मानला, तर त्या लॅटिन वचनाचा सूरच बदलतो. ती सरदाराची बढाई राहत नाही. मेलेल्या माणसाच्या वतीनं घरच्यांनी मांडलेली ती कैफियत होते. वर आकाशात ससाण्यानं एका बगळ्याला गाठलं आहे. तीही मग नुसती शोभेची पाखरं वाटत नाहीत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)