इब्राहिम : एका नावाचा इतिहास



शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलांची नावे उतरवून घेण्याचे काम माझ्याकडे आले त्याला काही वर्षे झाली. आणे पठारावर पाऊस बेताचा, विहिरी खोल आणि जमीन खडकाळ. त्यामुळे मुलगा हाताशी आला की तो घाट उतरून आळेफाटा, नारायणगाव किंवा थेट चाकणची वाट धरतो. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर असे एक पालक मला भेटण्यास आले. त्यांचा थोरला मुलगा चाकणला कामाला लागला होता, परंतु त्याला भाड्याने खोली मिळेना. खोली पाहून व्हायची, भाडेही ठरायचे, आणि नाव सांगितले की "कळवतो" असे उत्तर मिळायचे. धाकटा आमच्याकडे नववीत होता. त्याचे नाव इब्राहिम.

"सर, दहावीचा फॉर्म भरण्यापूर्वी याचे नाव बदलता येईल का? काहीतरी आपल्याकडचे ठेवू. ऐकून कुणाला काही कळायला नको," ते म्हणाले.

नियम काय तो मी सांगितला. अर्ज, प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील जाहिरात वगैरे. ते निघून गेले. परंतु 'आपल्याकडचे' हा त्यांचा शब्द माझ्या मनातून जाईना. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. इब्राहिम हे नाव आपल्याकडचे आहे की नाही, याचे उत्तर इतिहासाच्या शिक्षकाला तरी देता आले पाहिजे. तेव्हा जे हाती लागले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने तुमच्यापुढे ठेवतो.

मूळ नाव हिब्रू, अब्राहाम. बायबलातील उत्पत्ती या पुस्तकात सांगितले आहे की या पुरुषाचे पहिले नाव अब्राम होते, आणि ईश्वराने ते बदलून अब्राहाम, म्हणजे 'पुष्कळ राष्ट्रांचा पिता', असे केले. (नाव बदलण्याची प्रथा किती जुनी आहे पाहा! पण तेथे नाव बदलले ते लपण्यासाठी नव्हे.) अरबीत तेच इब्राहिम झाले. कुरआन शरीफात हे नाव 69 वेळा आले असून चौदावी सूरह त्याच नावाची आहे. नमाजीत आपण दरूद पढतो त्यातही हजरत इब्राहिम यांचे नाव आहे. ईदुल अज्हाची कुर्बानी त्यांचीच आठवण. त्यांना 'खलीलुल्लाह' म्हणतात, म्हणजे अल्लाहचे मित्र. तेव्हा ज्या घरात खलील आहे तेथेही याच नावाची सावली आहे. ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान हे तिन्ही समाज ज्याला आपला पूर्वज मानतात असा हा पुरुष. एवढे तर मदरशात जाणारे लहान मूलही सांगेल. मला सांगायचे आहे ते त्याच्या पुढचे, म्हणजे हे नाव आपल्या मुलखात येऊन कोणकोणत्या घरांत राहिले ते.

प्रथम विजापूरकडे चला. पहिला इब्राहिम आदिलशहा 1534 च्या सुमारास गादीवर आला आणि 1558 मध्ये वारला. त्याने एक गोष्ट अशी केली की तिचे फळ पुढे पिढ्यान्‌पिढ्या टिकले. दरबारात परदेशातून आलेल्या सरदारांचा वरचष्मा होता तो कमी करून त्याने दक्षिणेतील माणसे पुढे आणली, आणि महसुलाचे हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवण्यास सुरुवात करविली. त्यामुळे आपल्या मुलखातील कारकून मंडळी दफ्तरात शिरली. आपण ज्या भाषेत सातबारा वाचतो त्या भाषेला सरकारी कचेरीची सवय लागण्यात या इब्राहिमाचा वाटा आहे. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात ठळक येत नाही, म्हणून मुद्दाम सांगितली.

त्याचा नातू दुसरा इब्राहिम. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपल्याकडची रीत विजापूरच्या राजवाड्यातही होती, असेच म्हणायचे! हा 1580 मध्ये वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी गादीवर बसला आणि 1627 पर्यंत त्याने राज्य केले. त्याला लोक 'जगद्गुरू' म्हणत. संगीताचे वेड इतके की आपल्या तंबोऱ्याला त्याने 'मोतीखान' असे नाव ठेवले होते. 'किताब-ए-नौरस' हा त्याचा दखनी भाषेतील गीतसंग्रह. त्यात सरस्वती आणि गणपती यांची स्तुती आहे, आणि गुलबर्ग्याचे सूफी संत बंदानवाज गेसूदराज यांच्यावरची भक्तीही आहे. विजापूरला गेलात तर गोलघुमट पाहून परत फिरू नका, इब्राहिम रोझा अवश्य पाहा. 1626 मध्ये पुरी झालेली ती इमारत आकाराने लहान आहे, परंतु माझ्या मते सौंदर्यात गोलघुमटाच्या पुढे आहे. शाळेच्या सहलीत मुलांना मात्र घुमटातील प्रतिध्वनीच आवडतो, त्याला इलाज नाही. दक्षिणेच्या इतिहासासाठी ज्याच्याकडे वळावेच लागते तो फिरिश्ता याच सुलतानाच्या पदरी होता, आणि त्याच्या ग्रंथाचे एक नावही 'गुलशन-ए-इब्राहिमी' असेच आहे.

आता आपल्या जुन्नर तालुक्यात येऊ. निजामशाहीची पहिली राजधानी जुन्नर, हे तुम्हा सर्वांना माहीत आहेच. 1490 मध्ये मलिक अहमद येथूनच स्वतंत्र झाला. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) त्याने नंतर, 1494 मध्ये वसविले. त्या घराण्यातही एक इब्राहिम निजामशहा होऊन गेला. 1595 मध्ये तो गादीवर आला आणि जेमतेम चार महिन्यांत विजापूरच्या फौजेशी लढताना मारला गेला. म्हणजे समोर ज्याची फौज उभी होती तोही इब्राहिमच. या दोघांच्या मध्ये जी स्त्री उभी होती तिचा विचार करा. चांदबिबी ही विजापूरच्या इब्राहिमाची चुलती. त्याच्या लहानपणी तिनेच राज्य सांभाळले होते. आणि अहमदनगरच्या इब्राहिमाची ती सख्खी आत्या. एका भाच्याचा जीव दुसऱ्या पुतण्याच्या फौजेने घेतला. मेलेल्या इब्राहिमाचे तान्हे मूल, बहादूर, विरोधी सरदाराने पकडून ठेवले, ते कोठे? आपल्या जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यावर. याच मुलाच्या हक्कासाठी चांदबिबीने मोगलांविरुद्ध अहमदनगरचा किल्ला लढविला. चावंडला सहलीस गेलेल्या आमच्या मुलांना हे सांगितले तेव्हा एकाने विचारले, "सर, त्या बाळाला दूध कुठून आणत असतील?" या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. पण प्रश्न मात्र मला परीक्षेतील पुष्कळ प्रश्नांपेक्षा चांगला वाटला.

यापुढचा इब्राहिम मराठी माणसाला सर्वांत जवळचा. पानिपतचे मैदान एकच, परंतु त्यावर दोन इब्राहिम पडले. 1526 मध्ये इब्राहिम लोदी, ज्याच्याजवळ तोफखाना नव्हता आणि बाबराच्या तोफांपुढे ज्याचा निभाव लागला नाही. आणि 14 जानेवारी 1761 रोजी इब्राहिमखान गारदी, जो स्वतःच मराठ्यांच्या तोफखान्याचा प्रमुख होता. हा फ्रेंच सेनापती बुसी याच्या तालमीत तयार झालेला. पूर्वी तो निजामाकडे होता, पुढे पेशव्यांच्या चाकरीत आला. आठ-नऊ हजार कवायती गारद्यांची पलटण त्याच्या हाताखाली होती. गोलाची लढाई देण्याचा आग्रह त्याचाच. त्या दिवशी डाव्या बगलेवर त्याच्या लोकांनी रोहिल्यांची दाणादाण उडविली, परंतु स्वतःची माणसेही बहुतेक गमावली. जखमी होऊन तो शत्रूच्या हाती सापडला. नबाब शुजाउद्दौल्याने त्याला लपविण्याची खटपट केली, पण अब्दालीने त्याला मागून घेतले आणि त्यातच त्याचा अंत झाला. समोरचे लोक त्याच्याच धर्माचे होते. ज्याचे मीठ खाल्ले त्याची बाजू त्याने सोडली नाही. 'गारदी' म्हटले की आपल्याकडे नारायणराव पेशव्यांचा 1773 मधील खून आठवतो, आणि त्या एका शब्दाखाली इब्राहिमखानाचे इमानही झाकले जाते, हे मला नेहमी खटकते.

जुन्या मराठी कागदांत हे नाव इभ्राम, इभ्राहीम असे नाना रीतींनी लिहिलेले सापडते. लिहिणाऱ्याने कानाला जसे लागले तसे लिहिले. आजही आमच्याकडे रंगदास स्वामींच्या यात्रेत, आमटी-भाकरीच्या प्रसादाच्या गर्दीत एखादे पोर चुकले तर लाऊडस्पीकरवरून पुकारा होतो तो "इब्राम, इब्राम" असाच. नाव लोकांच्या जिभेवर असे घासले गेले की ते त्या मुलखाचे झाले असे समजावे, असे माझे मत आहे.

हेच नाव कोकणात वेगळ्या वाटेने आले. अलिबाग, पेण, चौल या भागांत बेने इस्रायल समाज शेकडो वर्षे राहिला. त्यांची मातृभाषा मराठी, पिढीजात धंदा तेलघाण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. या लोकांनी अब्राहामाचा 'आबाजी' केला. मुसाजी, सामाजी, दाऊदजी हीदेखील त्यांचीच नावे. आबाजी म्हटल्यावर तो ज्यू आहे असे कोणाच्या मनात तरी येईल काय? पुढे शाळा-कॉलेजे निघाली, तशी मूळ नावे परत आली. गांधीजींवर उपचार करणारे मुंबईचे डॉ. अब्राहाम एरुलकर हे याच समाजाचे. 'बूट पॉलिश' या 1954 च्या चित्रपटातील जॉन चाचा तुमच्या आजी-आजोबांना आठवत असेल. त्या नटाचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहाम चेऊलकर. स्वतःचे नाव, मध्ये वडिलांचे, शेवटी गावावरून आलेले आडनाव. आमच्या रजिस्टरात लिहितो अगदी तसेच. 1948 नंतर या समाजातील बहुतेक लोक इस्रायलला गेले, तरी तेथूनही त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले.

अमेरिकेत हे नाव अब्राहम लिंकनला मिळाले, तेही त्याच्या आजोबांवरून. लिंकनचा खून 1865 मध्ये झाला. त्यानंतर आठ वर्षांनी, 1873 मध्ये, महात्मा फुले यांनी आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केले. शाळाशाळांच्या भिंतींवर लिंकनने हेडमास्तरांस लिहिलेले पत्र फ्रेममध्ये लावलेले असते. मजकूर फार सुंदर आहे. परंतु लिंकनच्या कागदपत्रांत असे पत्र कोठेही नाही. आमच्या शाळेतही ते आहे आणि मी ते उतरविलेले नाही. फक्त इतिहासाच्या तासाला मुलांना खरे काय ते सांगतो.

अलीकडचा एकच सांगतो, कारण तो पुण्याचा. इब्राहिम अल्काझी यांचा जन्म 1925 साली पुण्यात, अरब व्यापाऱ्याच्या घरी झाला. तेथेच ते शाळेत गेले. 1962 ते 1977 ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. नसीरुद्दीन शहा, ओम पुरी, आपल्या पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी हे सर्व त्यांच्या हाताखाली शिकले. 2010 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि 2020 मध्ये ते वारले. घर अरबी बोलणारे, नाव इब्राहिम, आणि काम भारतीय रंगभूमीचे.

एवढे गोळा झाल्यावर मी त्या पालकांना बोलावून घेतले. ते शांतपणे ऐकत होते. चांदबिबीच्या ठिकाणी त्यांनी मान हलविली, गारद्याच्या ठिकाणी डोळे पुसले. सर्व सांगून झाल्यावर म्हणाले, "सर, तुम्ही सांगितले ते सगळे खरे. पण खोलीमालक इतिहास वाचून खोली देत नाही."

मला उत्तर सुचले नाही. थोरल्याला पुढे खोली मिळाली, ती कामावरच्या एका मित्राने स्वतःच्या नावावर घेऊन दिली म्हणून. राजपत्राचा अर्ज मात्र ते घेऊन गेले नाहीत, आणि मीही तो विषय पुन्हा काढला नाही.

यंदा दहावीचे फॉर्म भरताना मी वर्गात बसलो होतो. मुले पेन्सिलने आधी कच्चे लिहीत होती. इब्राहिम कागद घेऊन माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "सर, 'हि' पहिली की दुसरी?"

मी रजिस्टर उघडून दाखविले. त्याने पहिली वेलांटी काढली आणि वर पेन फिरविला.