चाबुकस्वाराचे धनी

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याची उतरण जिथे नर्मदेला भिडते तिथले मणिबेली हे गाव सरदार सरोवराच्या पाण्याने प्रथम ग्रासलेले महाराष्ट्रातील गाव म्हणून प्रसिद्धीस आले. परंतु प्रस्तुत विषयात ते आठवते ते निराळ्या कारणाने. अशा डोंगरी मुलखात जनावर शिकवणे हा कोणा एकाचा धंदा नसतो, कारण ते प्रत्येकाचेच काम असते. गोऱ्हा वयात आला, की त्याला एखाद्या पोक्त बैलाच्या जोडीने जुवाखाली धरायचे, आधी नुसता ओंडका ओढायला लावायचा, आणि खांद्याला जुवाची नि कानाला हाकेची सवय झाली म्हणजे मग औताला जुंपायचे. या शिक्षणाचे वेतन कोणी कोणास देत नाही. जनावराला वळण लावणारा माणूस पेशेदार होतो तो केवळ विद्येच्या बळावर नव्हे, तर त्या विद्येवर पैसा खर्चणारा धनी त्याला भेटतो म्हणून. आणि महाराष्ट्रात हे धनी कसे पालटत गेले, हीच या पेशाची खरी बखर आहे.

पहिला धनी अर्थातच राजा. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात हत्ती आणि घोडे फिरवून दाखवण्याच्या विनोदांना स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत. मराठेशाहीत सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर, स्वतःचा घोडा बाळगणारा शिलेदार, खरारा आणि दाणावैरण पाहणारा मोतद्दार व नाल ठोकणारा नालबंद यांच्या जोडीला चाबुकस्वार असे. अडेल शिंगराला लांब दोरीवर घेऊन त्याला डावा-उजवा कावा द्यायचा, तोंडात लगाम सोसू लागला म्हणजे कदम, मग दुडकी, मग चौखूर अशा चाली क्रमाने बसवायच्या, हे त्याचे काम. चाबूक त्याच्या नावात असला, तरी उठल्या-बसल्या तो ओढणाऱ्याच्या हातून घोडा तयार न होता बिथरतोच, हे कोणत्याही पागेत नव्या पोराला पहिल्या दिवशीच कळत असावे.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि फौजांबरोबर पागाही आटल्या. संस्थानिकांच्या दारी घोडे राहिले खरे, पण मोहिमेची जागा मिरवणुकीने घेतली. अशाच एका संस्थानी आश्रयात, कुरुंदवाडकर पटवर्धनांच्या पदरी, विष्णुपंत छत्रे हे चाबुकस्वार होते. ग्वाल्हेरीस राहून त्यांनी बाबासाहेब आपट्यांकडून अश्वविद्या संपादन केली आणि तिथेच हद्दूखाँसाहेबांकडे गायनाची तालीमही घेतली. पुढे गुरुपुत्र रहिमतखाँ त्यांच्या सर्कशीच्या लवाजम्याबरोबर गावोगाव हिंडले. वाघ-घोड्यांच्या तांड्यात ग्वाल्हेर घराण्याचा गवई, हा योग अन्यत्र क्वचितच जुळला असेल. मुंबईत आलेली कियारिनी या इटालियनाची सर्कस पाहून विष्णुपंतांच्या मनाने घेतले, की हे आपणही करावे. आणि २० मार्च १८८० रोजी त्यांच्या ग्रेट इंडियन सर्कसचा पहिला खेळ झाला. घोड्यावरची कामे ते स्वतः करीत, आणि त्यांच्या पत्नी झुल्यावर उतरत, हे त्या काळी लहान धाडस नव्हते.

या घटनेत मला अपघातापेक्षा अन्वयच अधिक दिसतो. विलायतेत १७६८ साली घोड्यांचे खेळ वर्तुळात मांडून आधुनिक सर्कशीचा पाया घालणारा फिलिप अ‍ॅस्टली हाही घोडदळातून निवृत्त झालेला शिपाई होता. सर्कशीचे रिंगण पुढे ४२ फूट व्यासाचे रूढ झाले, कारण तेवढ्या फेरात समगतीने धावणाऱ्या घोड्याच्या पाठीवर उभा राहिलेला माणूस आत झुकून तोल सांभाळू शकतो, आणि मध्यभागी उभ्या शिक्षकाचा लांब चाबूक घोड्याच्या नजरेच्या टप्प्यात राहतो. आपल्या चाबुकस्वाराने दोरीवर दिलेला कावा म्हणजे हेच रिंगण. तंबू, बाकडी आणि तिकीट एवढीच काय ती भर पडायची होती. धनी आता राजा नव्हता, तिकीट काढणारी रयत होती.

छत्र्यांमागून देवल, कार्लेकर आदी मराठी सर्कशी निघाल्या आणि रयतेला घोड्यापेक्षा वाघ-सिंहांची मातब्बरी अधिक वाटू लागली. या विद्येत पुण्याचे दामू धोत्रे जगन्मान्य झाले. १९०२ साली जन्मलेला हा माणूस मामाच्या सर्कशीत लहानाचा मोठा झाला, परदेशी गेला, आल्फ्रेड कोर्ट या फ्रेंच उस्तादाच्या हाताखाली राहिला, १९४० साली अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत पोचला आणि महायुद्धात त्या देशाच्या लष्करात नोकरीही करून आला. घोड्याची खोड आणि बिबळ्याची खोड यांत फरक मोठा. घोडा बिथरला तर पळतो, बिबळ्या पळत नाही.

हा धनीही टिकला नाही. ऑक्टोबर १९९८च्या केंद्रीय अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या व सिंह यांचे खेळ मना केले, आणि १ मे २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम केली. फिरत्या पिंजऱ्यात जन्म काढणाऱ्या सिंहाविषयी ज्याला यत्किंचित विचार आहे, त्याला हा निर्णय अन्याय्य वाटणार नाही. उस्तादांची रोजी मात्र गेली.

घोडा वाचला, आणि त्याच्याबरोबर चाबुकस्वारही. मणिबेलीच्याच जिल्ह्यात, दक्षिणेकडे तापीकाठी, सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला भरते, आणि तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजार. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी जनावरे येतात. गिऱ्हाईक रंग, कान, भोवरे पाहते, पण सौदा पुष्कळदा अडतो तो चालीवर. रेवाल चालीचा घोडा वेगात असूनही स्वाराला हिसका लागू देत नाही, आणि ती चाल उपजत असली तरी लगामाच्या हाताने घोटावी लागते. दुसरे गिऱ्हाईक वरातीचे : त्याला ताशाच्या ठेक्यावर पाय उचलणारा, फटाक्याला न बुजणारा घोडा हवा असतो. पूर्वी तोफेच्या आवाजाला घोडा सरावून देणाराच आता त्याला बँडला सरावून देतो, आणि त्याची वर्षाची मिळकत पुष्कळ अंशी लग्नाच्या तिथी किती निघतात यावर ठरते.