माउई : समुद्रांत टाकलेला वीर

सन १८४५ मध्यें जॉर्ज ग्रे न्यूझीलंडचा गव्हर्नर म्हणून ऑकलंडला उतरला, तेव्हां उत्तरेकडे कांहीं माओरी नायकांशीं इंग्रजांची लढाई जुंपली होती. नायकांचीं गाऱ्हाणीं व पत्रें ग्रेकडे येत. परंतु दुभाष्यांनीं अर्थ सांगूनहि मतलब त्याच्या ध्यानांत येईना. कारण बोलतांना हे लोक पदोपदीं जुन्या गीतांचे, म्हणींचे व पुराणांतले दाखले देत. ज्यांचें पुराण ठाऊक नाहीं, त्यांच्यावर राज्य करणें कठीण, हें ओळखून ग्रेनें माओरी भाषेचा अभ्यास आरंभिला.

त्याला गुरु लाभला तो ते रांगिकाहेके. रोटोरुआ सरोवराकांठच्या जमातींतला हा विद्वान. मिशनऱ्यांनीं त्या प्रदेशांत लेखनकला आणली, त्याला जेमतेम एक पिढी लोटली होती. तरी ह्या गृहस्थानें शेंकडों पानें लिहून काढलीं. त्यांतच माउईची कथा होती.

माउई हा पांच भावांत धाकटा. तो अपुऱ्या दिवसांचा जन्मला, म्हणून आईनें आपल्या केसांचा बुचडा कापून त्यांत त्याला गुंडाळलें व समुद्रांत सोडून दिलें. लाटांनीं त्याला किनाऱ्याला लावलें, एका पूर्वजानें वाढविलें, आणि मोठा झाल्यावर तो आपल्या घरीं परतला. पुढें त्यानें जें जें मिळविलें, तें बळापेक्षां युक्तीनें. दिवस फार लहान होता, म्हणून भावांकडून दोर वळवून त्यानें सूर्याला फांसांत धरलें व तो हळू चालूं लागेपर्यंत बडविलें. अग्निदेवता महुइकेच्या नखांत अग्नि होता. एकेक नख मागून घ्यावें आणि विझवून टाकावें, असा त्यानें खेळ मांडला. शेवटचें नख तिनें संतापून भूमीवर आपटलें, तेव्हां वणवा पेटला. माउईनें पाऊस बोलाविला. उरल्यासुरल्या ठिणग्या झाडांत लपल्या. लाकडावर लाकूड घांसून अग्नि काढतां येतो, त्याचें माओरींच्या मतें हेंच कारण.

आजीच्या जबड्याच्या हाडाचा गळ करून, स्वतःच्या नाकांतल्या रक्ताचें आमिष लावून, त्यानें समुद्रांतून एक प्रचंड मासा ओढला. तोच न्यूझीलंडचा उत्तर द्वीप. हावरट भावांनीं तो भलत्या वेळीं कापावयास घेतला, म्हणून तेथें डोंगरदऱ्या झाल्या.

शेवटीं त्यानें मृत्यूलाच फसवावयाचें ठरविलें. रात्रीची महादेवी निजली असतां तिच्या देहांत शिरून मुखावाटे बाहेर पडावें, म्हणजे मनुष्य अमर होईल. पण तें दृश्य पाहून नाचणाच्या जातीचा एक चिमुकला पक्षी खुदकन हंसला. देवी जागी झाली व माउई चिरडला गेला.

हाच माउई टोंगा, ताहिती व हवाई येथेंहि आहे. चार हजारांहून अधिक मैल दूर असलेल्या हवाईंत एक बेट त्याच्याच नांवाचें. तेथील १०,०२३ फूट उंचीच्या हालेआकाला पर्वतावरून त्यानें सूर्य धरला, तो आईचें सालींचें कापड वाळावें म्हणून. धातु व लिपि नसलेले हे दर्यावर्दी होड्यांतून बेटांमागून बेटें वसवीत गेले व सुमारें तेराव्या शतकांत न्यूझीलंडला पोंचले. कथा त्यांच्याबरोबर गेली. क्षितिजावर अकस्मात् जमीन वर येतांना पाहणारांना ती कोणीं समुद्रांतून ओढून काढली असें वाटल्यास नवल नाहीं.

ग्रेनें ह्या कथा १८५४ मध्यें माओरींत व १८५५ मध्यें इंग्रजींत छापल्या. ग्रंथावर नांव ग्रेचें. ते रांगिकाहेके ह्याचें श्रेय त्यांत कोठेंहि नमूद नाहीं. तो १८९६ मध्यें वारला. विसाव्या शतकांत अभ्यासकांनीं मूळ हस्तलिखितें छापील ग्रंथाशीं ताडून पाहिलीं, तेव्हां खरा लेखक जगापुढें आला. आणि २०१३ मध्यें न्यूझीलंड सरकारनें उत्तर द्वीपाला ‘ते इका-आ-माउई’, म्हणजे माउईचा मासा, हें नांव इंग्रजी नांवाच्या बरोबरीनें अधिकृत केलें. ज्या मुलाला आईनें समुद्रांत सोडलें, त्याचें नांव असें नकाशावर आलें. ज्यानें त्याची कथा लिहून ठेवली, त्याचें नांवहि आतां तिच्याबरोबर घेतलें जातें.