ग्रंथीपासून घरापर्यंत

1901 साली व्हिएन्नाच्या आल्फ्रेड फ्रोलिश या वैद्याने पीयूषिका ग्रंथीजवळच्या गाठीने आजारी पडलेल्या एका 14 वर्षांच्या स्थूल मुलाची हकिकत प्रसिद्ध केली, आणि पुढे कित्येक वर्षे दिसेल त्या लठ्ठ मुलाच्या नावापुढे वैद्यमंडळी तीच व्याधी लिहीत राहिली. ग्रंथीचाच दोष ठरल्यावर मुलाकडून अथवा घराकडून कसली अपेक्षाच उरत नसे.

हिटलरचा अंमल सुरू होताच जर्मनी सोडून 1934 साली न्यूयॉर्कला पोहोचलेल्या हिल्डे ब्रुख या बालवैद्यांनी अशा मुलांची उंची मोजली. पीयूषिका खरोखर बिघडलेली असती तर वाढ खुंटावयास हवी होती. ही मुले तर बरोबरीच्या मुलांहून उंच भरली! तेव्हा ब्रुखबाईंनी शोधाचा मोहरा घराकडे वळविला, आणि ग्रेस टुरेन यांच्यासह 1940 साली लिहिलेल्या निबंधात, बहुतांशी परदेशांतून आलेल्या त्या कुटुंबांत, शाळकरी मुलाला अजून आईच भरवते, आईच कपडे चढविते, असे चित्र त्यांनी मांडले. ठपका अर्थात आईवर आला. हा निवाडा मला अन्यायाचा वाटतो. जिने मायदेशी उपासमार पाहिली, तिच्या लेखी पोराच्या ताटातला दुसरा वाढा म्हणजे लाड नव्हे, धीर होता.

ठपक्याच्या जागी सहभाग आला तो पिट्सबर्गच्या लेनर्ड एपस्टाइन यांच्या प्रयोगांत. हिरवे पदार्थ मनसोक्त, पिवळे बेताने, तांबडे क्वचित, अशी रस्त्यावरच्या दिव्यांची खूण त्यांनी अन्नाला लावली. जे पोटात गेले ते वहीत उतरले, आणि आईबापांपैकी एकाने मुलाबरोबर स्वतःचेही वजन उतरवावयाचे. 6 ते 12 वर्षांची ती मुले दहा वर्षांनी तपासली, तेव्हा पालकासह उपचार घेतलेल्यांच्या जादा वजनाचे प्रमाण 7.5 टक्क्यांनी उतरले होते, तुलनेच्या गटातले 14.3 टक्क्यांनी चढले होते. 1990 साली हे प्रसिद्ध झाले.

लठ्ठ मुलाच्या वजनाचा त्याच्या बुद्धीशी काय संबंध, हा प्रश्न मात्र पुष्कळ उशिरा हाती घेतला गेला. मोह आवरणे, बेत आखून तो तडीस नेणे, ही कामे करणारा मेंदूचा पुढला भाग विशी उलटेपर्यंत परिपक्व होत असतो. म्हणूनच पौगंडावस्थेतल्या मुलाने एकट्याने संयम राखावा ही अपेक्षा निर्दय आहे, आणि फडताळात काय ठेवावे हे तोवर घरानेच ठरवावयास हवे. 2011 साली जॉर्जियातील कॅथरीन डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी 171 वजनदार, बैठ्या मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केला: सुमारे तीन महिने शाळा सुटल्यावर धावण्याखेळण्याचा व्यायाम घेतलेल्या मुलांची बेत आखण्याची शक्ती वाढली, आणि रोज 40 मिनिटे खेळलेल्यांची 20 मिनिटे खेळलेल्यांहून अधिक.