‘उतारू’ आणि ‘उतरवलेला’ : विमानातील जागेच्या हक्काचा इतिहास

मराठीत प्रवाशास ‘उतारू’ असा एक जुना शब्द आहे. त्याचे मूळ संस्कृत ‘उत्’ आणि ‘तॄ’ या जोडीपर्यंत पोचते. पाणी ओलांडून पार होणे हा तिचा एक अर्थ होय. नदी पायी ओलांडण्याजोग्या उथळ जागेस आजही ‘उतार’ म्हणतात. उतारू म्हणजे पैलतीरी पोचवावयाचा मनुष्य. परंतु ‘उतरवणे’ हे क्रियापदही त्याच मुळाचे आहे, आणि वाहनातून खाली काढणे असा त्याचा अर्थ होतो. पोचविण्याचे वचन आणि खाली काढण्याची सत्ता एकाच वाहकाच्या हाती असल्यास प्रवाशाचा हक्क कोणता उरतो, हा विमानवाहतुकीच्या इतिहासातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे.

रामटेकच्या प्रवाशास या प्रश्नाची दोन रूपे एकाच दिवशी दिसू शकतात. रामटेकहून नागपूरकडे जाणाऱ्या पॅसेंजर गाडीत जागा कोणाचीच राखीव नसते; जो आधी चढेल तो बसेल, उरलेले उभे राहतील. तेथे वचन दिलेले नसते, म्हणून वचनभंगही होत नाही. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर मात्र त्याच्या हाती पक्के तिकीट असते आणि उभ्याने प्रवास करण्याची सोय नसते. जागा नाही, याचा अर्थ तेथे प्रवासच नाही.

सोनेगावला या प्रश्नाची एक पार्श्वभूमीही आहे. १९४९ मध्ये दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांच्या कारकिर्दीत रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या स्थानी परतत. या विमानांतून प्रवासीही नेले जात. परंतु योजनेचा हेतू तिच्या नावातच स्पष्ट होता. पत्र प्रथम, माणूस नंतर. वा. वि. मिराशी यांनी ज्या रामटेकास मेघदूतातील रामगिरी मानले, त्या स्थानाच्या शेजारी असे घडावे, यात एक औचित्य आहे. यक्षही जागीच राहिला होता. गेला तो त्याचा निरोप. मात्र रात्रीच्या टपालात हा क्रम उघड होता. पुढील काळात प्रवासी विमानांमध्ये जो क्रम रूढ झाला, तो झाकलेला होता.

त्याचे कारण आर्थिक आहे. तिकीट काढलेले काही प्रवासी येतच नाहीत, आणि विमान उडताच रिकाम्या आसनाचे मूल्य शून्य होते. म्हणून कंपन्या असलेल्या जागांहून अधिक तिकिटे विकू लागल्या. अंदाज बरोबर ठरला तर कोणाचेच नुकसान होत नाही. तो चुकला, तर मात्र कोणीतरी मागे राहतो.

अमेरिकेत २८ एप्रिल १९७२ रोजी असे मागे राहिलेले गृहस्थ होते राल्फ नेडर. हार्टफर्डच्या सभेस जाण्यासाठी त्यांनी वॉशिंग्टनहून ॲलेगेनी कंपनीच्या विमानात जागा राखून ठेवली होती. कंपनीने देऊ केलेली ३२ डॉलर ४१ सेंटची भरपाई त्यांनी नाकारली आणि दावा लावला. जागा दिली नाही एवढीच त्यांची तक्रार नव्हती. तिकिटे जास्त विकली जातात हे कंपनीने लपविले, हा तिचा गाभा होता. १९७६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, विमानवाहतूक मंडळाच्या निर्णयाची वाट न पाहता असा दावा न्यायालयात चालू शकतो.

उपाय एका अर्थशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच सुचविला होता. ज्यूलियन सायमन यांचे म्हणणे असे की, कोणास मागे ठेवावयाचे हे कंपनीने ठरवू नये. मोबदल्याची रक्कम सांगून राजीखुशीने थांबणारे प्रवासी शोधावेत. ही सूचना प्रथम थट्टेवारी नेण्यात आली. परंतु १९७८ मध्ये ती अमेरिकेच्या नियमांत शिरली.

भारतात नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाचा नियम ऑगस्ट २०१० मध्ये अमलात आला. त्यातही स्वेच्छेने थांबणाऱ्यांस प्रथम विचारणा करण्याचे बंधन आहे. २०१६ मध्ये भरपाईची मर्यादा वाढली : चोवीस तासांच्या आत दुसरे विमान दिल्यास १०,००० रुपयांपर्यंत, त्याहून उशीर झाल्यास २०,००० रुपयांपर्यंत, तासाभरात सोय झाल्यास काही नाही. नियम कागदावर असणे पुरेसे नसते, हेही लवकरच दिसले. भरपाई न दिल्याबद्दल महासंचालनालयाने जून २०२२ मध्ये एअर इंडियास १० लाख रुपये दंड केला.

तथापि ‘प्रवेश नाकारणे’ आणि ‘उतरवणे’ यांत भेद आहे. तो ९ एप्रिल २०१७ रोजी शिकागो येथे जगापुढे आला. युनायटेडच्या विमानात आसनावर बसलेल्या एका डॉक्टरांना कर्मचाऱ्यांसाठी जागा हवी म्हणून फरफटत बाहेर नेण्यात आले. त्यानंतर २०१८ च्या अमेरिकन कायद्याने, एकदा विमानात घेतलेल्या प्रवाशास केवळ जागेच्या टंचाईसाठी उतरविण्यास मनाई केली.

भारतीय रेल्वेची तुलना येथे बोधप्रद ठरते. रेल्वेसही जागा अपुरी पडते; पण ‘प्रतीक्षा यादी’ आणि ‘आरएसी’ या संज्ञा तिकिटावरच छापलेल्या असतात. आरएसीच्या उतारूस बसावयास जागा मिळेल, झोपावयास कदाचित मिळेल, हे त्यास आधीच ठाऊक असते. यावरून असे दिसते की, अन्यायाचे मूळ जास्त तिकिटे विकण्यापेक्षा सर्वांना सारखेच ‘पक्के’ म्हणण्यात आहे. नेडर यांच्या दाव्यापासून पुढील नियमांची वाटचाल ही त्या एका शब्दास त्याचा अर्थ परत मिळवून देण्याची वाटचाल होय. भरपाईने आसनाची किंमत भरून निघते. परंतु चुकलेली सभा, चुकलेली मुलाखत किंवा न झालेले अंत्यदर्शन तिने परत येत नाही.