पावणेसातशे चौरस फूट

मीरा रोडच्या पूनम सागरमधल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, तुम्ही चपला काढता. दाराबाहेर आधीच वीसेक जोड आहेत, जिन्याच्या दोन पायऱ्यांपर्यंत उतरलेले. रविवारची सकाळ. आत सोफा बेडरूममध्ये ढकलून हॉल मोकळा केला आहे. फरशीवर सतरंज्या, मागे भिंतीलगत चार प्लास्टिकच्या खुर्च्या, गुडघेदुखीवाल्यांसाठी. टीव्हीच्या वर खिळ्याला एक रंगीत तक्ता टांगला आहे: मोशेचा निवासमंडप. कापडी कुंपण, आत तंबू, तंबूवर ढग.

पाळक पट्टीनं दाखवत सांगतात, "तीस हात लांब, दहा हात रुंद. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण दीड फूट." शेजारचे काका मोबाइलवर गुणाकार करून स्क्रीन तुमच्याकडे वळवतात. ६७५. "टू बीएचके," ते कुजबुजतात. मीरा रोडमध्ये देवाचं घरही आधी चौरस फुटांत मोजलं जातं, त्याला इलाज नाही.

"प्रार्थनेसाठी डोळे मिटू या," पाळक म्हणतात. तुम्ही मिटता.

उघडता तेव्हा पाय घोट्यापर्यंत खाऱ्या पाण्यात आहेत. इमारत नाही, रिक्षा नाहीत. बांधांनी चौकोन चौकोन पाडलेली जमीन, त्यात थबकलेलं भरतीचं पाणी आणि काठानं पांढऱ्या राशी. मिठागर. मीरा-भाईंदरची महानगरपालिका व्हायला, म्हणजे २००२ उजाडायला, अजून बराच अवकाश आहे. कमरेला फडकं गुंडाळलेला एक आगरी म्हातारा लाकडी दांड्यानं मीठ काठाकडे ओढतो आहे. तुम्हाला बघून त्याला नवल वाटत नाही. ओंजळभर जाडं मीठ तो तुमच्या रुमालात टाकतो आणि पुन्हा कामाला लागतो.

रुमालाची गाठ मारून मान वर करता तर रात्र झालेली असते, आणि नाकाशी वास येतो तो छापखान्याच्या शाईचा.

केडगाव, पुणे जिल्हा. १९२२ च्या मार्चची अखेर. मुक्ती मिशनच्या एका खोलीत पांढऱ्या लुगड्यातली ६३ वर्षांची बाई दिव्याजवळ वाकून प्रुफं वाचते आहे. समोर हिब्रू, ग्रीक पोथ्या. पंडिता रमाबाई. अख्खं बायबल मूळ भाषांतून मराठीत आणायचं, तेही गावातल्या बाईला कळेल अशा मराठीत, हे काम संपत आलं आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे बायकोमुलांना घेऊन तीर्थोतीर्थी हिंडले, देवळांत पुराणं वाचत. ती भटकंती दुष्काळानं संपवली. आई, वडील, मोठी बहीण पाठोपाठ गेली. जिचं बालपण मुक्काम हलवण्यात सरलं, तिला हलत्या देवघराचं वर्णन वाचताना काय वाटलं असेल, हे मला नेहमी विचारावंसं वाटतं.

तुम्हीही विचारायला तोंड उघडता. जग निर्माण करायला उत्पत्तीच्या पुस्तकात दोन प्रकरणं पुरली. एका तंबूला निर्गमात तेरा लागतात. फळ्या, अडसर, उथळ्या, बिरडी, आकडे, मेखा. एखाद्या मांडववाल्याची यादी वाचावी तसं. बाई, हे सगळं तुम्ही कसं निभावलंत? पण रमाबाईंना ऐकू कमी येतं, आणि हातात दिवसही कमी आहेत. ५ एप्रिलला त्या जातील. ग्रंथ पूर्ण छापून यायला १९२४ उजाडेल. तुम्ही आवाज न करता मागे सरता, आणि टाच वाळूत रुतते.

सिनायचं रान. इस्राएल लोकांनी मिसर सोडल्याला वर्ष होत आलं आहे, दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या महिन्याचा पहिला दिवस. असा मंडप खरंच होता का, असला तर एवढा थोर होता का, यावर इतिहासकार भांडतात. त्यांना भांडू द्या. तुम्ही आला आहात ते तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांच्या श्रद्धेतून.

पहिल्या नजरेला निराशाच होते. पांढऱ्या सणाच्या कापडाचं कुंपण, साडेसात फूट उंच, म्हणजे टाचा उंचावूनही आतलं दिसू नये इतकं. त्यावरून डोकावतं ते कातड्याचं मळकट छत. सोनं आहे म्हणतात, पण ते सगळं आतल्या बाजूला. पाळकांनी तक्त्यावर नेमकं इथंच बोट ठेवलं होतं: नासरेथच्या सुताराकडे, येशूकडे, रस्त्यावरून बघणाऱ्याला सुतारच दिसला.

दार एकच, पूर्वेला. आपल्याकडे पूर्वाभिमुख म्हटलं की बिल्डर दोन पैसे जास्त लावतो, पण इथली गंमत उलटी आहे. आत जाणारा उगवत्या सूर्याकडे पाठ करून पश्चिमेला चालतो. आदामाला एदेन बागेतून काढल्यावर करूबांचा, म्हणजे पंखवाल्या देवदूतांचा, पहारा बसला तो बागेच्या पूर्वेला. आतल्या पडद्यावरही करूबच विणले आहेत. म्हणून ख्रिस्ती वाचक या अंगणातल्या चालण्याला घरी परतण्याची वाट समजतात.

दारातच धूर अंगावर येतो. बाभळीच्या लाकडाची, पितळेनं मढवलेली होमवेदी. रक्त, जळती चरबी, राख. तक्त्यावर हे सगळं स्वच्छ नारिंगी रंगात होतं. इथं डोळे चुरचुरतात. एक माणूस बोकडाच्या डोक्यावर हात टेकून उभा आहे. हात टेकायचा म्हणजे आपलं पाप त्याच्या माथी द्यायचं, मग कापायचं. नजर वळवावीशी वाटते, आणि वळवू नये. कारण वधस्तंभाचा अर्थ ख्रिस्ती माणूस इथून उचलतो, आणि या वेदीचा वास ज्याला आला नाही त्याला तो अर्थ फार गोड वाटण्याचा धोका आहे. याजक तुमच्या रुमालाकडे बघतो आणि हात पुढे करतो. मिठाशिवाय अर्पण नाही, हा नियम. भाईंदरच्या खाडीचं मीठ तडतडत विस्तवात पडतं.

पुढे पितळेचं गंगाळ. हातपाय धुतल्याशिवाय याजकानं आत जायचं नाही. ख्रिस्ती अर्थ सरळ आहे, बाप्तिस्मा. पण तुम्ही वाकून बघता ते धातूकडे. दारापाशी सेवा करणाऱ्या बायकांनी दिलेल्या आरशांपासून हे गंगाळ घडवलं. ज्यात त्या कुंकू-काजळासारखं काही नीट करत असतील, त्यात आता पाय धुतलेलं पाणी हिंदकळतं आहे.

तंबूच्या फळ्या मात्र चांदीच्या उथळ्यांत रोवल्या आहेत. शंभर उथळ्या, एकेक सुमारे ३४ किलोची. ही चांदी शिरगणतीतून आली: वीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषानं अर्धा शेकेल द्यायचा, श्रीमंतानं जास्त नाही, गरिबानं कमी नाही. सोसायटीच्या सभेत हा हिशेब मांडून बघा, किती वेळ शांतता राहते ते कळेल. बाकीचा माल लोकांनी आपखुशीनं इतका आणला की मोशेला दवंडी पिटावी लागली, आता पुरे. देणगी थांबवा असं सांगणारी बांधकाम समिती जगाच्या इतिहासात मला दुसरी ठाऊक नाही.

आत शिरण्याचा तुम्हाला अधिकार नाही. लेखकाच्या वशिल्यानं शिरा. डाव्या हाताला, दक्षिणेकडे, सात दिव्यांचा दीपवृक्ष, एकाच गोळ्यातून ठोकून घडवलेला. उजवीकडे मेजावर बारा भाकरी. समोर धूपवेदी. पाळक या तिघांवर पट्टी ठेवून म्हणाले होते, जगाचा प्रकाश, जीवनाची भाकर, प्रार्थना. तक्त्यावर जे नव्हतं ते तुमच्या लक्षात येतं: बसायला काही नाही. खुर्ची नाही, चौरंग नाही, पाट नाही. पायांखाली वाळू. याजक उभ्यानंच सेवा करतो, कारण त्याचं काम संपतच नाही; उद्या पुन्हा तेच. इब्रींस पत्राच्या लेखकानं हे हेरलं. येशूनं एकदाच अर्पण केलं आणि तो बसला, असं तो लिहितो. त्या ‘बसला’मध्ये सारं आलं.

मग अंतरपट. निळा, जांभळा, किरमिजी. पलीकडे दहा बाय दहा बाय दहा हात. तळ मोजला तर सव्वादोनशे चौरस फूट, आपल्याकडची जेमतेम वन आरके. तिथं कराराचा कोश, वर दयासन. वर्षातून एक दिवस, एक माणूस. तो दिवस तुमच्यासमोर उगवतो. प्रमुख याजक अहरोन भरजरी झगा उतरवून साध्या सणाच्या कपड्यांत येतो, धुपाटणं पुढे धरून. त्याच्या पायाला दोरी बांधत, आत मेला तर ओढून काढायला, ही गोष्ट प्रवचनांत हमखास येते. शास्त्रात ती नाही. फार नंतर कुणीतरी जोडली. आणि घुंगरं झग्याला होती, तो तर बाहेर राहिला. तुम्हाला ऐकू येतो फक्त पडदा सरकल्याचा आवाज.

ठाण्याच्या १८७९ सालच्या सिनेगॉगमध्ये बसणारे मराठमोळे बेने इस्राएल यहुदी हीच प्रकरणं वाचतात आणि यातलं काहीच येशूपाशी नेत नाहीत. मूळ वारसा त्यांचा आहे, हे तिसऱ्या मजल्यावरच्या त्या हॉलमध्ये क्वचितच कुणी बोलतं.

पडदा सरकून परत मिटतो तेव्हा तो दगडी मंदिरातला झालेला असतो. यरुशलेम, इसवी सन ३० च्या आसपास, दुपारचे तीन. बाहेर टेकडीवर एकाला खिळलं आहे. शुभवर्तमानं सांगतात की त्या क्षणी पडदा फाटला, वरून खाली. फाटीतून काय दिसलं? कोश केव्हाच हरवला होता. इसवी सन पूर्व ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपे इथं घुसला तेव्हा त्याला खोली रिकामी मिळाली, असं टॅसिटस लिहितो. पडदा उघडला तो रिकाम्या खोलीवर. आत जो असायचा तो बाहेर टेकडीवर होता, असं ख्रिस्ती माणूस मानतो. योहानानं शब्द देह झाला असं लिहिताना ‘राहिला’ यासाठी जे ग्रीक क्रियापद घेतलं, त्याच्या पोटात तंबू आहे.

"आमेन."

सतरंज्यांची घडी घालणं सुरू झालं आहे. सोफा बाहेर येतो आहे, आतून कुकरची दुसरी शिट्टी. मागच्या खुर्चीतल्या आजी अजून उठलेल्या नाहीत. काका तक्ता खिळ्यावरून काढून पश्चिमेच्या टोकाकडून गुंडाळायला घेतात: आधी कोश आत जातो, मग दीपवृक्ष, गंगाळ, वेदी. हातात शेवटी उरतं ते पूर्वेचं दार. तुमच्या रुमालाला मीठ लागलेलं आहे.